सातशे किलोमीटरवरून दोन बोटं

पुण्यात शनिवारवाड्यासमोर उभं राहून दादरच्या गाडीवरचा बटाटावडा बघायचा आहे. मधला सह्याद्री नाही असं समजू, पृथ्वीचा गोलावाही नाही असं समजू. सरळ रेषेत अंतर भरतं सुमारे १२० किलोमीटर. वडा सहा सेंटीमीटरचा. दिसेल?

आपल्याला नाही. इस्रोच्या कार्टोसॅट-३ ला दिसेल. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला हा उपग्रह ५०९ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि खालचा २५ सेंटीमीटरचा चौकोन एक ठिपका म्हणून टिपतो. ५०९ किलोमीटरला २५ सेंटीमीटर, तर १२० किलोमीटरला किती? शाळेतलं त्रैराशिक मांडलं की उत्तर येतं ५.९ सेंटीमीटर. म्हणजे वडा दिसेल, पण एकच ठिपका म्हणून. तो वडा आहे की लिंबू आहे, हे काही कळणार नाही.

आणि हे बघणं उभं राहून नव्हे, पळता पळता. उपग्रहाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. पुण्याहून दादरला जायला त्याला सोळा सेकंद पुरतात. त्याच्या पायाखालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरनं मागे पडत असते. म्हणजे २५ सेंटीमीटरचा तो चौकोन त्याच्यासमोर असतो सेकंदाचा अठ्ठावीस हजारावा भाग. एवढ्यात चित्र उमटण्याइतका उजेडही गोळा होत नाही. म्हणून आतली यंत्रणा एकाच जागेचा उजेड एकामागून एक अनेक ओळींवर झेलत जाते आणि शेवटी त्यांची बेरीज करते. पावसात पळत पळत एकच थेंब दहा ओंजळींत झेलावा, तसं काहीसं.

पण डोळा जितका बारीक, तितकी त्याची पट्टी अरुंद. कार्टोसॅट-३ एका फेरीत १६ किलोमीटर रुंदीची पट्टी बघतो. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर. म्हणजे पन्नास पट्ट्या, पन्नास फेऱ्या. पूर पन्नास फेऱ्या थांबत नाही.

दुसऱ्या टोकाला इन्सॅट मालिकेतले हवामानाचे उपग्रह. ते जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या व्यासाच्या पावणेतीन पट अंतरावर, भारताच्या डोक्यावर एका जागी ठाण मांडून बसलेले आहेत. इन्सॅट-३डी आणि ३डीआर ही जोडी दर अर्ध्या तासाला एकेक चित्र देत असे, तेही आळीपाळीनं, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी एक. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि मधला सगळा देश एका चौकटीत. मात्र त्यांचा ठिपका दिवसाउजेडी एक किलोमीटरचा आणि उष्णतेच्या चित्रात चार किलोमीटरचा. त्या एका किलोमीटरच्या ठिपक्यात कार्टोसॅटचे एक कोटी साठ लाख ठिपके मावतात. टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी दिसणारं ढगांचं चित्र असल्याच ठिपक्यांचं असतं. चक्रीवादळ त्यात उत्तम दिसतं. घर दिसत नाही, गाव दिसत नाही, कधीकधी तालुकासुद्धा शोधावा लागतो.

आपत्तीच्या वेळी लागतं ते या दोघांच्या मधलं. तिथे युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल उपग्रहांचा नंबर लागतो. सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा, पट्टी २९० किलोमीटरची, चित्रं साऱ्या जगाला फुकट. दहा बाय दहा म्हणजे शंभर चौरस मीटर. आणि गुंठा म्हणजे १०१. वरून दिसणारा ठिपका आणि सातबाऱ्यावरचा गुंठा जवळजवळ एकाच मापाचे निघावेत, हे मला कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. युरोपातल्या कुणी तलाठ्याला विचारून ते माप ठरवलं असण्याची शक्यता नाही, पण जमून आलंय खरं.

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. गुंठ्याएवढे ठिपके मोजले तर एका चित्रात ३०७ कोटी. हा आकडा आत्ता नुसता लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जुलै आणा.

वरचे सगळे डोळे ढगाला अडतात, आणि आपल्याकडे आपत्ती यायची ती बहुधा ढग अंगावर घेऊनच येते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. नदी पात्राबाहेर येते, दरड सुटते, तेव्हा २५ सेंटीमीटर बघणाऱ्या डोळ्यासमोर पांढरा कापूस असतो. लाखमोलाचा चष्मा आणि डोळ्यांवर घोंगडी.

यावरचा उपाय म्हणजे बघणं सोडून हाक मारणं. पडक्या विहिरीत डोकावून पोरं ओरडतात आणि घुमून येणारा आवाज ऐकतात, रडारचा उपग्रह तेच करतो. सेंटिनेल-१ हा ६९३ किलोमीटरवरून खाली रेडिओलहर सोडतो आणि परत आलेली ऐकतो. त्या लहरीची लांबी साडेपाच सेंटीमीटर. ढगातला एक थेंब सुमारे ०.०२ मिलिमीटरचा, लहरीच्या मानानं अडीच हजारपटींहून लहान. हत्तीला मुंगीचा अडथळा व्हावा तितकाही तिला ढगाचा होत नाही. रात्र असो वा दिवस, तिला फरक पडत नाही. उजेड ती स्वतःचाच घेऊन जाते.

हाक जाऊन परत यायला लागतात सेकंदाचे पाच-सहा हजारांश. उपग्रह मात्र सेकंदाला दीड हजाराच्या आसपास हाका मारतो. म्हणजे पहिल्या हाकेचं उत्तर पोचेपर्यंत मागच्या आठ-नऊ हाका वाटेतच असतात, काही खाली चाललेल्या, काही परत निघालेल्या. कुठलं उत्तर कुठल्या हाकेचं, हा हिशेब कधी चुकत नाही.

याहून अजब गोष्ट अँटेनाची. सेंटिनेल-१ चा अँटेना १२ मीटर लांब आहे, एसटीच्या एका गाडीएवढा. एवढ्या अँटेनानं नुसतं बघितलं तर जमिनीवरचा ठिपका साडेतीन किलोमीटरचा पडेल. अख्खी सांगली दोन-चार ठिपक्यांत आटपेल. वीस मीटरचा ठिपका हवा असेल तर अँटेना किलोमीटर-दोन किलोमीटर लांबीचा पाहिजे. तसा तो वर नेणार कोण? म्हणून उपग्रह पळता पळता वेगवेगळ्या जागी ऐकलेले प्रतिध्वनी साठवतो आणि गणितानं असे जोडतो, की जणू ते सगळे एकाच अवाढव्य अँटेनानं एकाच वेळी ऐकले. धातू बारा मीटरचा, बाकीचं गणित.

शांत पाणी रडारच्या लहरीला आरशासारखं भलतीकडेच उडवून लावतं. उत्तर येत नाही, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. कालच्या चित्रात करडं होतं ते आज काळं झालं, की तिथे पूर आहे असं समजायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या, सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं रडारच्या चित्रांवरूनच पूरनकाशे काढले.

अर्थात हे वाटतं तितकं सरळ नाही. शेतातलं पाणी काळं दिसतं, पण गल्लीतलं दिसत नाही. घरांच्या रांगेत पाणी शिरलं की लहर पाण्यावर आपटून भिंतीवर जाते आणि भिंतीवरून थेट उपग्रहाकडे परततं तिचं उत्तर; त्यामुळे बुडालेली वस्ती चक्क अधिक उजळ दिसू शकते. आणि ऊस! सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठी डोक्याच्या वर वाढलेला ऊस असतो. साडेपाच सेंटीमीटरची लहर त्याच्या पाल्यातच अडकते. खाली कमरेएवढं पाणी असलं तरी वरून हिरवं शेत. लहर लांब केली तर ती पाल्यातून खाली उतरते, खोडावर आणि पाण्यावर आपटून परत येते.

तशी लांब लहर आता वर गेली आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा नासा आणि इस्रोचा जोडउपग्रह. वजन २,३९२ किलो, खर्च दीड अब्ज डॉलरच्या घरात. त्यात दोन रडार आहेत: एकाची लहर २४ सेंटीमीटरची, दुसऱ्याची सुमारे दहाची. सोन्याचा मुलामा दिलेल्या जाळीचा १२ मीटर व्यासाचा परावर्तक छत्रीसारखा मिटवून नेला आणि वर गेल्यावर नऊ मीटरच्या दांड्याच्या टोकाला उघडला. पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन आणि सगळा बर्फ तो दर बारा दिवसांत दोनदा बघतो. त्यातून दिवसाला तयार होणारी माहिती ८० टेराबाइट. आपल्या खिशातला १२८ जीबीचा फोन घेतला, तर रोज सकाळी असे सव्वासहाशे कोरे फोन काढायचे आणि रात्रीपर्यंत काठोकाठ भरायचे. उद्या पुन्हा सव्वासहाशे.

रडारला आणखी एक गोष्ट येते, आणि मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात खरी डोकं गरगरवणारी तीच आहे. उत्तर आलं की नाही एवढंच नव्हे, तर ते येताना लहर उठलेल्या स्थितीत होती की बसलेल्या, हेही उपग्रह टिपून ठेवतो. बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेनं येतो आणि पुन्हा टिपतो. दोन्ही नोंदी एकमेकींतून वजा केल्या की मधल्या काळात जमीन किती हलली ते निघतं. अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे सेंटिनेल-१ च्या बाबतीत २.८ सेंटीमीटर हलली, की चित्रात रंगांचा एक पूर्ण पट्टा उमटतो.

सेंटिनेल-१ ची उंची ६९३ किलोमीटर. मुंबई ते नागपूर सरळ रेषेतलं अंतर जवळपास तेवढंच. म्हणजे नागपुरातली एक भिंत दोन बोटं सरकली, आणि ते मुंबईत बसलेल्याला कळलं. तोही बसलेला नव्हे, सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणारा. आणि त्यानं ती भिंत मधल्या बारा दिवसांत पाहिलेलीही नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ हादरलं. तीव्रता ७.८, सुमारे नऊ हजार मृत्यू. भूकंपाआधीचं सेंटिनेलचं चित्र होतं १७ एप्रिलचं, नंतरचं २९ चं. दोन्ही वजा केली तेव्हा काठमांडूच्या आसपास पट्ट्यांमागून पट्टे निघाले. १२० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद असा जमिनीचा तुकडा वर उचलला गेला होता, कुठे कुठे जवळजवळ एक मीटर. एक मीटर म्हणजे पस्तीसेक पट्टे. सहा हजार चौरस किलोमीटर, डोंगर, गावं आणि देवळांसकट. साधारण रत्नागिरी जिल्ह्याच्या तीन-चतुर्थांशाएवढा मुलूख मिनिटभरात वर, कुठे कुठे कमरेएवढा. आणि ही मोजणी करायला डोंगरावर एकही माणूस टेप घेऊन चढला नव्हता.

त्याच भूकंपानंतर शास्त्रज्ञांच्या एका स्वयंसेवी गटानं उपग्रहचित्रांत कोसळलेल्या दरडी शोधल्या. नोंदल्या ४,३१२. हे काम मात्र डोळ्यांनी झालं, एकेक चित्र मोठं करून. आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या आकड्याकडे येऊ.

महाराष्ट्राचे ३०७ कोटी ठिपके. एका माणसानं सेकंदाला एक ठिपका बघायचा ठरवला, न झोपता, न जेवता, तर त्याला किती वेळ लागेल? ९७ वर्षं. शेवटचा गुंठा बघून होईल तेव्हा पहिल्या गुंठ्यावर त्याच्या पणतवाचा बंगला उभा असेल. हे एका चित्राचं झालं. सेंटिनेल-२ ची जोडी असं चित्र दर पाच दिवसांनी देते. कार्टोसॅटच्या बारीक ठिपक्यांनी तोच महाराष्ट्र बघायचा म्हटलं तर दीड लाखाहून जास्त वर्षं लागतील. सुरुवात निअँडरथल माणसाला करून द्यावी लागली असती.

आकड्यांचा खरा घोळ इथे आहे. दिसतं सगळं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

७ फेब्रुवारी २०२१. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात रोंती शिखराचा एक कडा सकाळी सुटला. २ कोटी ७० लाख घनमीटर दगड आणि बर्फ १,८०० मीटर खाली आला, दरीत आपटला, बर्फ वितळून त्याचा लगदा झाला आणि ऋषिगंगा-धौलीगंगेवरचे दोन जलविद्युत प्रकल्प त्यानं पुसून टाकले. २०४ माणसं मृत किंवा बेपत्ता. आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: दहा घनमीटरचा एक डंपर धरला, तर २७ लाख डंपर. आठ मीटरचा एकेक, एकामागे एक उभा केला तर रांग २१,६०० किलोमीटर, विषुववृत्ताच्या अर्ध्याहून अधिक.

पहिल्या काही तासांत सगळे म्हणत होते की हिमसरोवर फुटलं. मग जगभरच्या शास्त्रज्ञांनी आदल्या दिवशीचं आणि त्या दिवशीचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवलं. काल जिथे बर्फाळ कडा होता तिथे आज ताजी, काळी खोबण. सरोवर नव्हतंच. त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधावर ५३ जणांची नावं होती.

त्या माणसांनी जुनी चित्रंही काढली. आणि त्यांत त्या कड्याच्या माथ्यावरची भेग होती. काही वर्षांपासून ती रुंदावत चालली होती. चित्रं होती, साठवलेली होती, बरीचशी कुणालाही फुकट बघता येतील अशी होती. हिमालयाच्या कोट्यवधी ठिपक्यांत ते चार-दोन ठिपके आपल्या जागी शांतपणे होते. त्यांच्याकडे बघायचं कुणाला कारणच नव्हतं.

तरीही ही जुनी, काहीच न घडलेल्या दिवसांची चित्रं म्हणजेच खरा खजिना, असं माझं मत झालं आहे. आपत्तीच्या दिवशीचं चित्र एकटं मुकं असतं. काळा ठिपका म्हणजे पूर की बाराही महिने असणारं तळं? उघडी माती म्हणजे दरड की खाण? उत्तर आधीच्या चित्रात असतं. उपग्रहाला आपत्ती दिसत नाही, फरक दिसतो. आणि फरक काढायचा तर वजा करायला काहीतरी हातात पाहिजे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजी वर गेला, तेव्हापासून त्या मालिकेनं पृथ्वी नोंदवणं थांबवलेलं नाही. २००८ साली ती सगळी चित्रं फुकट झाली. अर्धशतकाहून अधिक काळाची ही वही, आणि तिची बहुतेक पानं कंटाळवाणी.

अशा वजाबाक्यांतूनच इस्रोनं २०२३ मध्ये भारताचा भूस्खलन-नकाशासंग्रह काढला. १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडींची नोंद त्यात आहे. सरासरी काढली तर दिवसाला नऊ. त्यांतली वर्तमानपत्रात येते ती एखादी, जिच्याखाली गाव असतं.

वही रोज लिहायची, असं ठरवूनही काही लोक कामाला लागले. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्हीच्या एकाच उड्डाणात इस्रोनं १०४ उपग्रह सोडले, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतले ८८ प्लॅनेट या एकाच अमेरिकी कंपनीचे होते. एकेक बुटाच्या खोक्याएवढा, पाच किलोच्या आतला, तीन-चार मीटरचा ठिपका बघणारा. हे एकामागे एक मुंग्यांसारखे रांगेत फिरतात आणि खालून पृथ्वी आपली फिरत राहते. जगातली सारी जमीन, जवळजवळ १५ कोटी चौरस किलोमीटर, रोज एकदा. चमोलीची आदल्या दिवशीची चित्रं मिळाली ती यांच्यामुळे.

एका वजाबाकीची उदाहरणादाखल नोंद. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हिमसरोवर. १७ सप्टेंबर २०२३ ला क्षेत्रफळ १६२.७ हेक्टर. २८ सप्टेंबरला १६७.४. ४ ऑक्टोबरला सकाळी ६०.३. सहा दिवसांपूर्वीपर्यंत वाढत असलेल्या सरोवरातलं शंभराहून अधिक हेक्टर पाणी एका रात्रीत नाहीसं झालं होतं, नऊ-साडेनऊ शिवाजी पार्कांएवढं. खाली चुंगथांगचं १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण त्याच रात्री वाहून गेलं. तीन आकडे, तिन्ही अचूक, एका दशांश स्थळापर्यंत. पहिल्या दोन आकड्यांची चित्रं धरण उभं असतानाच टिपलेली.

म्हणजे चित्र काढणं झालं, बघणंही झालं. तरी एक आकडा उरतोच, आणि तो सगळ्यांत छोटा असतो. घटना घडल्यापासून चित्र माणसाच्या हातात पडेपर्यंतचे तास.

पृथ्वीभोवती खालून फिरणारा उपग्रह दिवसाला पंधराएक फेऱ्या मारतो, पण तुमच्या गावावरून जाईल तो त्याच्या वेळापत्रकानं. हाक मारली म्हणून वळत नाही. यावर देशांनी काढलेला तोडगा असा, की ज्याचा उपग्रह आधी येईल त्यानं चित्र द्यायचं. युरोप आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थांनी १९९९ मध्ये त्याची कल्पना मांडली. अवकाश आणि मोठ्या आपत्तींसाठीची ही आंतरराष्ट्रीय सनद नोव्हेंबर २००० पासून अमलात आली. पहिली हाक आली स्लोव्हेनियातून, दरडीसाठीच. इस्रो २००१ मध्ये सामील झाली. आता सतरा संस्था आहेत, हाका नऊशेच्या पुढे गेल्या आहेत, आणि चित्राचे पैसे कुणी कुणाला मागत नाही. शेजारच्या देशाशी बोलणं बंद असलं तरी त्याचा पूर आपला उपग्रह बघू शकतो. माणसांच्या कारभारात इतकी समजूत क्वचितच दिसते.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडला डोंगर सुटला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. ढग होतेच. ३१ जुलैला इस्रोच्या रडार उपग्रहानं चित्र दिलं: सुटलेल्या भागाचं क्षेत्रफळ ८६ हजार चौरस मीटर, माथा समुद्रसपाटीपासून १,५५० मीटरवर, राडारोडा नदीतून आठ किलोमीटर वाहत गेलेला. तुलनेसाठी वापरलेलं आधीचं चित्र कार्टोसॅट-३ चं, २२ मे २०२३ चं. चौदा महिने जुनं, पण स्वच्छ. त्याच जागी पूर्वीही दरड कोसळल्याची नोंद इस्रोच्या यादीत होती.

८६ हजार चौरस मीटर म्हणजे ८५ गुंठे... नव्हे, ८५० गुंठे. बघा, शून्य असं निसटतं. बातमीत ते निसटलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. बचावाच्या नकाशावर निसटलं तर तुकडी भलत्याच ओढ्यावर जाते.

वेळ जिथे हाताशी असतो तिथे मात्र आकडे अक्षरशः खाली येतात. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळजवळ दहा हजार माणसं मेली. मे २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावर फणी चक्रीवादळ आलं. ओडिशातले मृत्यू ६४. १९९९ चं वादळ जास्त जोरकस होतं, हे खरंच, त्यामुळे दोन्ही आकड्यांचा सरळ भागाकार करू नये. तरीपण. मधल्या वीस वर्षांत उपग्रहांचे डोळे सुधारले, वादळाची वाट आधी कळू लागली. पण वाट कळून माणूस हलत नाही. फणीच्या आधी १२ लाख लोक हलवले गेले. २६ लाख मेसेज, ४३ हजार स्वयंसेवक, बसगाड्या, भोंगे, निवारे. ३६ हजार किलोमीटरवरून आलेल्या चित्राचं शेवटचं एक किलोमीटर कुणीतरी दार ठोठावत पायी चाललं.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वादळाची वाट चित्रांत स्पष्ट होती. श्रीवर्धनकडे सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा पडलेली झाडं मोजायला, म्हणजे पंचनाम्याला, तलाठीच गेले. गुंठ्याएवढ्या ठिपक्यात सुपारी किती उभ्या आणि किती आडव्या, हे वरून सांगता येत नाही.

तारखांचा एक योगायोग आहे. निसार ३० जुलैला उडाला, वायनाड ३० जुलैला कोसळलं. आणि वायनाडच्या बरोबर दहा वर्षं आधी, ३० जुलै २०१४ च्या सकाळी, पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला होता. १५१ माणसं गेली. सेंटिनेल-१ चा पहिला उपग्रह वर जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, त्याच्या चाचण्याच चालू होत्या. सह्याद्रीवर ढग होते. 

बातमी बाहेर आली ती एसटीच्या चालकाकडून. नेहमीची गाडी वळणावर आली आणि समोर गाव नव्हतं, चिखल होता. गाव कुठे असायला पाहिजे हे त्याला माहीत होतं. पावसानं धुरकटलेल्या काचेतून त्यानं एकदा बघितलं आणि गाडी थांबवली.